खाडाखोड नसलेली यादी

परराष्ट्र खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत मोतीकाका चोवीस वर्षं बसत होते. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. अक्षर मोत्यासारखं, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. परदेशात अडकलेल्या, आजारी पडलेल्या, बेपत्ता झालेल्या माणसांचे कागद त्यांच्या टेबलावर येत. वाण्याची यादी करतानाही ते डावीकडे समास सोडत. बायको विचारी, "वाणी काय मार्क देणार आहे का?" ते हसत आणि 'साखर'वरची रेघ सरळ करत.

शेजारच्या देशाशी झालेला करार वीस पानांचा होता. मोतीकाका तो एका वाक्यात सांगत: जिथे तुमची कचेरी नाही तिथे आमची तुमच्या माणसांना सांभाळेल, आमची नाही तिथे तुमची. संकटातून माणसं बाहेर काढताना गाडी ज्याची असेल त्याने आधी दुसऱ्याची माणसं बसवायची, ही रीत मात्र करारात नव्हती. ती दोन्हीकडच्या कारकुनांनीच पाडली होती, पाहुण्याला आधी वाढावं तशी.

पलीकडच्या कचेरीत एक बाई होत्या. नऊ वर्षं फोनवर बोलणं, भेट एकदाही नाही. त्या यांना भाऊ म्हणत, हे त्यांना ताई. ताईंच्या अगदी पहिल्या यादीत तीन नावं खोडलेली होती. मोतीकाकांनी ती परत पाठवली. परक्या देशाच्या दारात जाणारा कागद धुतलेल्या कपड्यांत जावा, असं त्यांनी समजावलं. फोनवरचं नाव धरायचं नाही, कागदावरचंच धरायचं, हेही शिकवलं. ताई एकदा शिकल्या की विसरत नसत.

मग दूरच्या एका शहरात लढाई पेटली. तिथे आपली कचेरी होती, ताईंच्या देशाची नव्हती. बस एकच, जागा चाळीस. बसच्या दारात वाचली जाणारी यादी मोतीकाकांनी लिहायची होती. ताईंची सहा नावं त्यांनी सर्वांत वर घेतली. मग लेकुरवाळ्या, मग आजारी. चाळीस भरले तेव्हा दोघं उरले. एक परिचारिका, ती आपणहून मागे राहिली होती. दुसरा तिथल्या कारखान्यात कापड बेतणारा शिंपी.

शिंप्याची बायको चार दिवसांपासून त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसत होती. डबा आणायची, पण उघडायची नाही. मोतीकाकांनी तिला सांगितलं की परवाच्या बसला पहिलं नाव तिच्या नवऱ्याचंच, तोवर त्याने घरातून हलू नये. तिने नवऱ्याला तसंच कळवलं.

परवाची बस निघालीच नाही. मधला पूल पडला. त्या दिवसानंतर शिंप्याचा फोन लागेना.

तिकडून पहिल्या बसचा अहवाल आला, त्यात एक ओळ होती: वरच्या सहांपैकी दोघं आलेच नाहीत, दोन जागा रिकाम्या गेल्या. मोतीकाकांनी ताईंना फोन लावला.

"भाऊ, आमचे दोघं आदल्या सकाळीच बोटीने निघून गेले होते. मला कळलं होतं."

"मग कळवलं का नाही?"

"फोनवरचं तुम्ही धरत नाही, आणि नावं खोडून तुमच्याकडे कशी पाठवू? नवी यादी लिहायला घेतली. एका नावात चूक झाली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून लिहिली. तोवर तुमची बस सुटली होती."

मोतीकाकांना राग आला नाही. चूक त्यांच्याच हाताखाली शिकली होती.

साहेबांनी शिंप्याच्या बायकोला द्यायच्या पत्राचा मसुदा दिला. त्यात 'जागेअभावी' असा शब्द होता. पत्र देऊन मोकळे व्हा, जास्त खोलात शिरू नका, असं ते म्हणाले. साहेब वाईट नव्हते. ठिकठिकाणी अडकलेल्यांच्या घरी त्यांना अशी सतरा पत्रं द्यायची होती. मोतीकाकांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं, फाइलमधली यादी काढली आणि बाहेर जाऊन बाकावर तिच्याशेजारी बसले. इतक्या वर्षांत त्या बाकावर ते पहिल्यांदाच बसत होते.

त्यांनी सगळं सांगितलं. बोट, दोन जागा, नवी यादी, आणि हे वळण लावणारा कोण, तेही. मग तिने यादी मागून घेतली आणि बोट ठेवत ठेवत वाचत गेली. रेघेखाली, उरलेल्यांत, नवऱ्याचं नाव सापडल्यावर तिचं बोट तिथे थांबलं.

"अक्षर छान आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर त्यांना सोसलं असतं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "उद्या येऊ का?"

"या, बाई."

ती गेल्यावर ते टेबलाशी आले. ताईंची नवी यादी आली होती, दुसऱ्या कुठल्याशा गावची. दोन नावं खोडलेली, एक समासात घुसवलेलं, शाई ओलीच असताना घडी घातल्यासारखे डाग. मोतीकाकांनी तिची नवी प्रत केली नाही. त्याच कागदावर शिक्का मारला आणि तो तसाच पुढे पाठवला.