ऑकलंडच्या माओरी वर्गात घेतलेलं नाव

लेकीने ऑकलंडचं तिकीट पाठवलं तेव्हा शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बरं झालं, तेवढाच विरंगुळा." सहा वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हापासून मी विरंगुळ्यावरच जगते, अशी पंचवटीची समजूत आहे.

जाणाऱ्यांसाठी सांगते: नाशिकहून मुंबईला टॅक्सीच करा, एसटी तुमच्या विमानासाठी धावत नाही. तिकडच्या विमानतळावर खाण्याचे पदार्थ अर्जात खरेखरे लिहा, नाहीतर दंड. माझं मेतकूट अधिकाऱ्याने हुंगलं आणि फार अदबीने परत केलं.

मी दिवसभर घरी काचा पुसत बसू नये म्हणून लेक, सुनीता, मला माओरी भाषेच्या वर्गाला घेऊन गेली. वाचनालयात, फुकट, वर बिस्किटं. माझं इंग्रजी पुस्तकं वाचून आलेलं, म्हणून धास्ती होती. पण घाम फुटला होता इंग्रजीवाल्यांनाच. शिक्षिका मेरेबाई सांगत, "आ, ए, इ, ओ, उ. लिहिलंय तसंच म्हणा." हे आपल्याला बालवाडीपासून येतं. शेजारचे गोरे गृहस्थ, जन्म तिथलाच, 'किया ओरा' या साध्या नमस्काराचं 'कीयोऽर' करत. साहेबाची जीभ जगभर फिरली, स्वरांशी ओळख तेवढी राहून गेली. 'कुमारा' म्हणजे रताळं हे कळल्यावर माझ्या एकादशीचीही सोय झाली.

शेवटच्या दिवशी उभं राहून ओळख द्यायची होती. आधी आपला डोंगर, म्हणजे माउंगा. मग नदी, म्हणजे आवा. मग आपली माणसं.

"गेलेली माणसंसुद्धा," मेरेबाई म्हणाल्या. "त्यांना वगळून कसली ओळख?"

झालं! आमच्यात बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यात. आणि विधवेला उखाण्याचा आग्रह कोण करतं? हे गेल्यापासून ते नाव माझ्या तोंडून निघालंच नव्हतं.

"आई, मी सांगू का?" सुनीता कुजबुजली.

"गप्प बस."

उभी राहिले. ब्रह्मगिरी झाला, गोदावरी झाली, पुढे जीभ अडली. नुसतं नाव काही येईना. मग सवयीने मान खाली गेली आणि म्हणाले,

"माउंगा माझा ब्रह्मगिरी, आवा गोदावरी,
वसंतरावांचं नाव घेते समुद्रापलीकडच्या तीरी."

सुनीताने तोंडाला ओढणी लावली. गोऱ्या गृहस्थांनी आदराने म्हणून पाहिलं, "वॉसनट्रॉ?"

"वसंतराव."

"व्हासांट्रॅव?"

"व-सं-त-रा-व."

पाच खेपा झाल्या, त्यांना जमलं नाही. देव त्यांचं भलं करो. हुशार असते तर मला एकदाच म्हणावं लागलं असतं.

परत येऊन महिना झाला. निम्मे माओरी शब्द उडाले. परवा वीजबिलाच्या खिडकीवर कारकुनाने विचारलं, "मीटर कोणाच्या नावावर?" एरवी मी बिल नुसतं पुढे सरकवते. या वेळी सांगितलं.

"मोठ्याने बोला, मावशी."

मोठ्याने बोलले.