सीट खाली केली तिथंच चुकलो

डाक्टरीणबाईनं एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावला अन म्हणाली, "बाबा, ऑस्टिओआर्थरायटिस आहे. सायकल बंद करावी लागेल."

मी म्हणलं, "काहून? किती दिवस?"

"आधी व्यायाम करा. मग पाहू."

ऑस्टिओआर्थरायटिस म्हणजे, तिनं सांगितलं तसं लिहितो, हाडाच्या टोकावरची गादी झिजणं. माझी उजव्या गुडघ्यातली, वाटीच्या मांगची झिजली होती. मी चौथी शिकलेला. हा शब्द पोरीनं लिहून दिला तवा इथं उतरवला.

तवा मी अमरावती रोडवरच्या वाडी गावात एकटा राहत होतो. खोली भाड्याची, पण हुकूम माझा. ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधी फाटका बारदाना, म्हणजे रिकामे पोते शिवत होतो. दाभण-सुतळी खिशात, पोत्यांचा गठ्ठा कॅरियरवर, अन या गोडाऊनातून त्या गोडाऊनात. सायकल गेली की काम गेलं. काम गेलं की कळमेश्वरले पोरीच्या घरी जाऊन बसणं. सुजाता, माझी पोरगी, तिची माय गेल्यापासून हेच म्हणून राहिली होती. मी तिले बजावलं होतं, माझे पाय चालतात तोवर ते नाव काढू नको.

दुखणं सुरू झालं थंडीत. पेडल मारताना वाटीच्या मांगे कचकच वाजे. तेल चोळलं, ओव्याच्या पुरचुंडीनं शेकलं, फडकं बांधलं. कोणाले सांगितलं नाही. मंग टांग टाकायलेच त्रास होऊ लागला, म्हणून पाना घेतला अन सीट खाली केली. पंधरा दिवसांनी अजून खाली.

आमच्यातल्या ओझं वाहणाऱ्या सगळ्यांचीच सीट खाली असते. अमरावती रोडवर ट्रक अंगावर आला की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीवर टेकले पाहिजे, नाहीतर गठ्ठा माणसाले घेऊन पडते. मले वाटलं, जेवढी खाली तेवढं बरं.

चौकातला पंक्चरवाला म्हणाला, "बाबाजी, गुडघे हँडलले लागून राहिले तुमचे. सर्कसमधलं अस्वल दिसता. सीट वर घ्या."

"तू ट्यूब पाहा गा. माही सायकल मले नको शिकवू."

त्यानंतर मी त्याच्याकडं हवासुद्धा भरली नाही.

एका दुपारी रोड ओलांडताना गुडघा अडकला. डावा पाय टेकला, उजवा पेडलवरून उतरेना. गठ्ठा कलला अन मी पोत्यांखाली. मांगच्या ट्रकवाल्यानं ब्रेक मारला. त्यानं अन क्लीनरनं मले काखेत धरून उचललं, माल उचलतात तसं. "कहाँ रखूँ, चाचा?" त्यानं विचारलं. मी खिशातला पोरीचा फोन नंबर काढून दिला.

सुजाता आली अन मले सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. चिठ्ठीची लाइन, मंग डाक्टरची, मंग एक्स-रेची. तिनं चाकाची खुर्ची आणली. मी म्हणलं, "मी काय मेलो का वं?" तिनं हात धरला, तो मी सगळ्यांसमोर झटकला. अर्ध्या घंट्यानं चूपचाप त्याच खुर्चीत बसलो. रिपोर्ट काय आला ते वर लिहिलंच आहे.

डाक्टरीणबाईनं फिजिओथेरपी लिहून दिली. म्हणजे हातापायाचा व्यायाम करून घेतात ते. तिथल्या मॅडमनं पहिलेच विचारलं, "सायकलची सीट किती उंच ठेवता?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तिनं मले जागेवरच फिरवायच्या व्यायामाच्या सायकलवर बसवलं, सीट वर घेतली.

"पेडल खाली गेलं की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. सीट खाली असली की गुडघा जास्त वाकतो, सगळा दाब वाटीवर येतो. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं, पंक्चरवाल्यानं. झीज वयाची होती, पण दुखणं मी पाना घेऊन आपल्या हातानं वाढवलं होतं.

"मंग सीट वर घेतली तर चालते ना?"

"ही इथली चालेल. रस्त्यावर तुमचे पाय टेकणार नाहीत. आणि गठ्ठा तर नाहीच."

खाली ठेवली तर गुडघा जाते, वर घेतली तर ट्रकखाली मी.

दीड महिना सुजाताकडं राहून व्यायाम केला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच मोजायचे, सोडायचं. यानं क्वाड्रिसेप्स, म्हणजे मांडीचा समोरचा स्नायू, मजबूत होते. पहिल्या आठवड्यात मांडी थरथर कापे, पाय माझा असून माझं ऐकेना. खाली बसलो तर उठता येईना. संडासात जावयानं स्टूल ठेवला, तर मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

ज्यांचा गुडघा सायकलनं दुखत असेल, त्यांनी तेल लावत महिने काढू नका. आधी सीट कोणाले तरी दाखवा, मंग लवकर गुडघा डाक्टरले. मी दोन्ही केलं नाही.

दीड महिन्यानं डाक्टरीणबाईनं पाय वाकवून पाहिला. "सुधारणा आहे. पण झिजलेलं भरून येत नाही. ओझं आणि तो रस्ता आता विसरा."

त्याच दिवशी वाडीची खोली सोडली. सामान आटोत गेलं, किल्ली घरमालकाले दिली. त्या खोलीच्या दारासमोर तीन पायऱ्या आहेत. चढताना जमते, उतरताना वाटी पेटते. सुजाता खाली उभी होती, हात मांगे बांधून. दवाखान्यात झटकला होता ना मी, म्हणून तिनं पुढं केला नाही. मी एक पाय खाली सोडला, वर घेतला. परत सोडला, परत घेतला. आटोवाला पाहून राहिला होता.

शेवटी म्हणलं, "धर वं."

तिनं धरलं. तिन्ही पायऱ्या होईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. त्या न बोलण्याचे उपकार मी मरेपर्यंत मानीन.