लाल खुणेवरचा काटा

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात, आर्मीच्या एका वर्कशॉपमध्ये होती. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. कॉन्व्हॉय निघाला की सगळ्यात मागे आमची रिकव्हरी गाडी. कोणी बंद पडला तर त्याला उठवायचं, नाहीतर ओढून न्यायचं. निवृत्त होऊन भिवंडीला आलो तरी हे काम काही सुटलं नाही. आता कॉन्व्हॉयमध्ये एकच गाडी आहे, धाकट्या भावाची, दिलीपची जुनी व्हॅन.

दिलीपच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. दिवसाआड त्याला डायलिसिसला ठाण्याला न्यावं लागतं. रिक्षाचे धक्के त्याला सोसत नाहीत आणि परक्याच्या गाडीत तो बसत नाही. आजारी पडला तरी ताठा गेलेला नाही.

दिलीपच्या मुलाच्या लग्नानंतर व्हॅनचा टेम्परेचर काटा बिघडला. मोकळ्या रस्त्यावर नीट, ट्रॅफिकमध्ये थेट लाल खुणेवर. मेकॅनिकने सेन्सर बदलला, फरक नाही. मी सेन्सरची वायर काढली, काटा खाली बसला. वायर बॉडीला टेकवली, काटा पूर्ण वर गेला. म्हणजे मीटर ठीक, वायर ठीक. रेडिएटरमध्ये पाणी काठोकाठ. तरी काटा चढायचाच.

त्या सकाळी काळजी जास्त होती. आदल्या पाळीला सेंटरचं मशीन बंद होतं, त्यामुळे दिलीपचे पाय सुजले होते आणि त्याला धाप लागत होती. कशेळीच्या पुलावर ट्रॅफिक जाम. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. काटा लाल खुणेवर गेला.

"दादा, थांबव," दिलीप म्हणाला. "इंजिन जळंल."

"थांबलो तर इथं दुसरी गाडी येणार कशी?"

त्याची बायको सुनंदा मागून म्हणाली, "यांना श्वास घेता येत न्हाय. कायतरी करा."

काटा खरा असेल तर पुलावर इंजिन जाम होणार. खोटा असेल तर थांबून भावाचा जीव मी धोक्यात घालणार. 

"दिलीप, काट्याकडं बघ. हेडलाइट लावतो."

"अजून वर गेला."

"आता बंद केले."

"उतरला. दादा, झटक्यात उतरला."

"परत लावतो."

"परत वर."

पातेलंभर पाणी तापायलाही वेळ लागतो. बटणासरशी पाणी तापत नाही आणि निवतही नाही. इंजिन ठीक होतं, अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट, खराब होतं; दिवे, पंखा असा विजेचा भार वाढला की काटा उगाच चढत होता. मी गिअर टाकला आणि गाडी पुढे काढली.

दिलीप वेळेत मशीनला लागला. मग मी खाली येऊन इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी सोडवली. तिच्या बोल्टखाली झकास निळा रंग. आमच्याकडे हळदीला नवरदेव, मांडव आणि गाडी, तिघंही सजतात. लग्नासाठी व्हॅन रंगवताना पेंटरने उत्साहात बोल्टची जागासुद्धा सोडली नव्हती. रंगातून करंट जाणार कसा? पॉलिश पेपरने जागा घासली, पट्टी परत आवळली. दिवे लावले. काटा हलला नाही.

वर गेलो तेव्हा दिलीपचा श्वास शांत झाला होता.

"ही दिव्याची युक्ती कुठं शिकलास?"

मी त्याला आमच्या कॉन्व्हॉयमधल्या ड्रायव्हरबद्दल, नायक गुरनामबद्दल कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो.

चढावर रेडिओवर त्याचा आवाज आला होता, "काटा लाल में है. रुक रहा हूँ."

"ठीक है. साइड लगाओ," मी म्हणालो. काटा लाल झाला की थांबायचं, ऑर्डर तीच होती. त्याने बॉनेट उघडलं आणि वरून दरड आली, त्याला घेऊन गेली. गाडीला खरचटलंसुद्धा नाही. वर्कशॉपमध्ये आणून तपासली, तर पाणी पूर्ण, इंजिन उत्तम, अर्थचा बोल्ट ढिला. दिवे लावून काटा कसा पारखायचा, ते सुभेदारसाहेबांनी मला त्याच गाडीवर शिकवलं.

 दिलीप म्हणाला, "म्हंजे मी त्याच्यामुळं आलो इथवर."

 गुरनाम माझ्याहून लहान होता. आज तोही पेन्शनीवर आला असता, गावाकडे कोणाची तरी खटारा गाडी दुरुस्त करत बसला असता, आणि घरच्यांची बोलणी खात असता.