चासीवाला अण्णाप्पा

अण्णाप्पा मिस्त्रीकडं गाडी नेली की तो इंजिनाकडं बघायचाच नाही. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सुतळी ताणायचा, फरशीवर पालथा पडायचा आणि एक डोळा मिटून बघत राहायचा. आपण गाडीचं कौतुक सांगू लागलो की खालूनच ओरडायचा, "इंजान कुणीबी बांधतंय की! चासी सरळ हाय का बगू दे. गप उभं ऱ्हावा." चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. उद्यमनगरात त्याला सगळे चासीवालाच म्हणत. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माणूस गेला की त्याच्याबद्दल गोड गोड लिहायची आपल्याकडं खोड आहे.

माझ्या वडिलांची जुनी विलायती मोटारसायकल त्याच्याकडं होती. वडील गेल्यावर ती चालू करायची आणि बायकोला, सुनंदाला, मागं बसवून शाहूवाडीला तिच्या माहेरी जायचं, एवढीच माझी हौस. अण्णाप्पानं इंजिन उतरवलं आणि दोन महिने नुसता सांगाडा घेऊन बसला. विचारलं तर म्हणे, "तुजा बा शाणा हुता, त्यो घाई करत नव्हता." मी डिप्लोमावाला, स्वतःच्या फॅब्रिकेशन शेडचा मालक. चारचौघांत हा मला "या इंजिनेर" म्हणायचा आणि बाकीचे फिदीफिदी हसायचे. तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या गाडीची एक गोम होती. पुढची नळी हँडलाच्या मानेपासून खाली यायची आणि इंजिनापाशी संपायची. खालून आधार काहीच नाही. इंजिन बोल्टांनी आवळलं की तेच सांगाड्याचा तुकडा व्हायचं. म्हणून अण्णाप्पाचा नियम असा, की बोल्ट बोटानं ढकलून आत गेला पाहिजे. हातोडी लागली तर चासी वाकडी.

एकदा तो आठ दिवस लेकीकडं जयसिंगपूरला गेला. किल्ली शेजारच्या टायरवाल्याकडं असायची. मी माझे दोन कामगार नेले आणि इंजिन स्वतः चढवलं. पुढचं भोक करंगळीभर चुकत होतं. पहार घालून नळी ओढली, हातोडीचे चार घाव घातले, बोल्ट आत! म्हटलं, दोन महिन्यांचं काम दोन तासांत.

अण्णाप्पा आला, त्यानं एका नजरेत ओळखलं. नट काढला, बोल्ट मागून ठोकून बाहेर घालवला. नळी टणकन मागं उसळली.

"ऐकलंस? ही नळी बसल्या जागी ताण खातीया. एक दिस मानंत तुटंल. वैनीस्नी मागं बसवणार हाईस न्हवं?"

"गाडी माझी आहे, मिस्त्री."

"मग घिऊन जा की. परत हितं आणू नगंस."

टेम्पोत घालून आणली आणि शेडमध्ये इंजिन तसंच, पहारीनंच, बसवलं. शाहूवाडीला जाऊन आलो. सुनंदा किती खूश होती! घरी आल्यावर गाडी पुसताना मानेखाली केसाएवढी चीर दिसली. असल्या नळ्या पितळेनं जोडलेल्या, विजेचं वेल्डिंग लावलं की शेजारची नळी ठिसूळ होते, हे अण्णाप्पानं मला शंभरदा ओरडून सांगितलं होतं. मी वेल्डिंगच केलं. घासलं, रंग दिला. सुनंदाला सांगितलं नाही.

महिन्याभरानं तिला मागं बसवून मुद्दाम अण्णाप्पाच्या दारात गेलो आणि हॉर्न वाजवला. तो हात पुसत बाहेर आला. मानेखालच्या रंगावर त्यानं नख ओढलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "वैनी, तुमी रिक्षानं घरी जावा." रिक्षाही त्यानंच थांबवली. ती कोपऱ्यावर वळली तशी आतनं हातकरवत आणली आणि पुढच्या नळीवर चालवायला लागला.

"मिस्त्री! डोकं फिरलंय काय?" मी त्याची कॉलर धरली.

"मार. मारून घे. पर हिच्यावर आता कोण बसत न्हाय."

मी त्याच्या थोबाडीत मारली. सत्तरीला आलेल्या माणसाच्या. आवाज ऐकून टायरवाला धावत आला आणि त्यानं मला ओढून बाजूला नेलं.

पुढं गावभर सांगत सुटलो, बापाची गाडी कापली हरामखोरानं. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं उद्यमनगरात झालं. जुनी गिऱ्हाइकं तुटली. त्यानं एकदाही तोंड उघडलं नाही, याचा मला आजही संताप येतो. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

गेल्या महिन्यात तो वारला. मी गेलो नाही. सुनंदा म्हणाली, "बरं केलंत. केवढी चांगली गाडी होती आपली." मी मान हलवली.

खरी गोष्ट अशी. करवत पाव नळीसुद्धा कापून गेली नव्हती. नळी तिथं तुटलीच नाही. करवत चालू असतानाच ती शेजारी, माझ्या वेल्डिंगच्या कडेला, आपोआप तुटली आणि गाडी पुढून खचली. तुटलेली कड जवळजवळ सगळी काळी होती, म्हणजे चीर कधीचीच नळीभोवती फिरत आलेली. ताजी, चमकणारी जागा होती नखाएवढी. तेवढ्या जागेच्या भरवशावर मी सुनंदाला गावातनं बसवून आणलं होतं.

ते मी आधी बघितलं. थोबाडीत त्यानंतर मारली.