अमोलच्या छातीवरचं नाव

फोन मी उचलला होता, हे आधी सांगून टाकते. ताईचे हात कणकेत होते. पलीकडचा माणूस म्हणाला, "वसंत नहीं रहे..." आणि लाइन कटली. वसंत म्हणजे माझे भाऊजी, इथल्या हिंदी मुलखातल्या उरला गावच्या, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये सकाळपाळीला गेलेले. तिथं कुणी ना कुणी भाजतंच. अमोल, त्यांचा एकुलता एक पोरगा, लढाईवर होता, पण आदल्याच दिवशी त्याचा फोन आला होता, "मौसी, एकदम ठीक हूँ." तो माझ्या मनातही आला नाही. मी बोलून गेले, "ताई, भाऊजी गेले."

खरं तर वसंत म्हणजे दुसरंही कुणी असू शकतं, हे आम्हाला ठाऊक होतं. भरतीच्या फॉर्मवर अमोलनं आपल्या मराठी पद्धतीनं आधी आडनाव, मग स्वतःचं, मग बापाचं नाव लिहिलं. तिथल्या बाबूनं शेवटचं तेच आडनाव धरलं, आणि पोट्ट्याच्या छातीवर पाटी लागली 'वसंत'. पलटणीत सगळे त्याला वसंतच म्हणत. सुट्टीत आला की भाऊजींना चिडवायचा, "बाबा, भर्ती तो आप हुए हो, मैं तो बस ड्यूटी कर रहा हूँ." ताई रागवायची, "मराठीत बोलायले दात दुखतात काय तुझे?" तर म्हणायचा, "हव." असा आगाऊ. ताटातली मिरची गुपचूप माझ्या ताटात सरकवणारा...

ताई रडली नाही. कुंकू पुसलं, बांगड्या ओट्यावर आपटल्या. पाऱ्यातल्या, आमच्या मोहल्ल्यातल्या, बाया जमल्या. तासाभरानं दार वाजलं. ताईनंच उघडलं, तर समोर डबा घेऊन भाऊजी. बायांदेखत ती त्यांच्या गळ्यात पडली आणि हसत सुटली. मीही हसले. मग तिनं स्वतः सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. माझ्या हातावर ठेवत होती तेव्हा परत तोच नंबर आला. या वेळी फोन भाऊजींनी घेतला.

दोन महिने झाले. लोक येतात, अभिमान वाटतो म्हणतात, फोटो काढून जातात. मला त्यांची चीड येते. काल ताई भाऊजींसमोरच म्हणाली, "माहा पोरगा तिथं मरून पडला होता, अन् मी साखर वाटून राहिली होती. यायले पाहून हासली मी." चूक माझी होती, मी तिला कितीदा सांगितलं. ती ऐकत नाही. मिलमधून परतले की भाऊजी आता मागच्या दारानं घरात येतात. त्यांना समोरच्या दारात जिवंत उभं पाहणं तिला सोसत नाही.