आबांची बिनसाखरेची खीर

आबा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याच्या कडेनं सायकल मारत शेतांना पाळीनं पाणी सोडण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आतच त्यांच्या पायाची जखम भरेना, म्हणून मी त्यांना कळंबहून बारामतीच्या डॉक्टरांकडे नेलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट आहे. मी तेव्हा जवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत शिकवायला लागले होते.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि चिठ्ठीवरची नजर न उचलता म्हणाले, "साखर बंद. भात कमी. महिन्यानं या."

परतीच्या एस.टी.त आबा खिडकीतून बाहेर बघत होते. गाव दिसायला लागल्यावर म्हणाले, "गूळ चालंल का गं?"

"चालंल की. साखर बंद म्हणलेत, गुळाचं कुठं काय म्हणलेत?" मी म्हटलं. तेव्हा आमच्याकडं सगळे तेच म्हणायचे. साखर कारखान्यातली, म्हणून वाईट. गूळ, मध, खजूर घरचं, म्हणून चांगलं. मी शिकलेली होते, तरी मलाही ते पटलेलं होतं.

आबांचा जीव खिरीत होता. बुद्धपौर्णिमेला आमच्या घरी तांदळाची दाट खीर व्हायची. विहारात वंदना झाली की आबा घरी येऊन मांडी घालून बसायचे आणि कुणाशी न बोलता दोन वाट्या संपवायचे. यंदाही त्यांनी खीर खायची, असं मी ठरवून टाकलं. पौर्णिमेला चार महिने होते.

पहिल्यांदा उकळत्या दुधात गूळ टाकला. दूध फाटलं. आईनं पातेल्यात डोकावून पाहिलं.

"लिटरभर दूध घालवलंस," ती म्हणाली.

शाळेतल्या बाईंनी सांगितलं, खीर कोमट झाल्यावर गूळ घालायचा. तसं केलं. दूध टिकलं, पण आबा म्हणाले, "काढ्यावानी लागतंय." मग काकवी घातली. तिचा करपट वास सगळ्या खिरीला लागला. मग बारामतीहून खजूर आणला, भिजवून पाट्यावर वाटला. त्याची सालं दुधावर तरंगायला लागली. ती काढायला मी पिठाची चाळणी घेतली आणि आई दिवसभर माझ्याशी धड बोलली नाही.

दर वेळी वाटी आबांपुढं ठेवायची. ते एक चमचा तोंडात घालायचे, भिंतीकडं बघायचे आणि म्हणायचे, "बरं हाय." मग हळूच भाकरी आणि ठेचा मागायचे. त्या 'बरं हाय'नं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वाईट लागतंय तर वाईट म्हणावं. मी शाळेतून येऊन, हातपाय धुऊन थेट चुलीपुढं बसत होते ते कशासाठी?

"त्यांना गोड नकोच दिऊ," आई म्हणाली. "न्हाय खाल्लं तर काय अडलंय?"

"तुला काय, तुला कुणी बंद केलंय का?" मी म्हटलं. आईनं भाकरी थापायला घेतली.

शेवटी खिरीऐवजी लापशी केली, ती जमली. गव्हाचा जाड रवा तुपात खमंग भाजला, शिजवला, त्यात खजुराचा गोळा कालवला आणि वर सुंठ घातली. गव्हाच्या रंगात खजुराचा रंग मिसळून गेला. आबांनी वाटी संपवली आणि पुढं केली.

"आता जमलं बघ," ते म्हणाले.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी लापशी व्हायला लागली. डॉक्टरांकडं महिन्यानं जायचं ते राहूनच गेलं. आबा खूश होते, मग कशाला जायचं? शाळेतल्या बाईंना मी कौतुकानं कृती लिहून दिली. पायाची जखम मात्र तशीच होती. शेवटी आईनंच आम्हांला बारामतीला पिटाळलं.

रक्तातली साखर आधीपेक्षा वाढली होती. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाताय?"

आबांच्या आधी मीच सांगायला लागले. गूळ कसा सोडला, काकवी कशी सोडली, मग खजूर कसा जमला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, खजूर म्हणजे साखरच आहे. गूळही साखरच. मधही. आणि वर गव्हाची लापशी, रोज?"

"तुम्ही त्या दिवशी नुसतं साखर बंद म्हणालात."

"तुम्ही विचारलं नाहीत."

बाहेर बायका-पोरं रांगेत बसली होती, म्हणून मी तोंड मिटून उठले. स्टँडवर बाकावर बसल्यावर मात्र मला रडू आलं. राग डॉक्टरांचा होता, माझा होता आणि आबांचाही होता.

"दोन दोन वाट्या कशाला खात होता?" मी म्हटलं. "एक खाल्ली असती तर?"

"तू एवढं करत हुतीस," आबा म्हणाले. "न्हाय कसं म्हणायचं?"

मी डोळे पुसले. म्हणजे आवडत होती की माझ्यासाठी खात होते, ते विचारलं नाही.

घरी आल्यावर उरलेला खजूर मी शेजारच्या पोरांना वाटून टाकला. रोजची लापशी बंद झाली. आबा भाकरी, भाजी, गोळ्या यांवर आले. जखम सावकाश, पण भरली.

पौर्णिमेला आईनं नेहमीसारखी साखरेची खीर केली. मी चुलीकडं फिरकले नाही. विहारातून आल्यावर आबा जागेवर बसले. आईनं त्यांच्या वाटीत तीन चमचे खीर घातली आणि पातेलं आत नेऊन ठेवलं.

"एवढीच?" आबांनी माझ्याकडं बघत विचारलं.

"एवढीच," मी म्हटलं. माझा आवाज पाहिजे त्यापेक्षा चढा निघाला.

त्यांनी ती सावकाश खाल्ली. वाटी बोटानं पुसून घेतली, पाणी प्याले आणि कालव्याकडं फिरायला गेले. मी त्यांची वाटी घासायला घेतली. त्यात घासण्यासारखं काही उरलं नव्हतं.