तळ्याचा राखणदार

काकड्याचा एक बैल तळ्याचं पाणी पिऊन मेला. त्या उन्हाळ्यात पाण्यावर शेवाळाची जाड हिरवी साय धरली होती. तलासरीकडच्या त्या पाड्यात गुरांना दुसरं पाणी जवळ नव्हतं. काकड्या रडला नाही. उरलेला बैल तो त्याच तळ्यावर नेई, काठीने साय बाजूला सारी आणि बैल पिऊन होईपर्यंत बघत उभा राही.

२०१७च्या हिवाळ्यात कॉलेजच्या रुचिका मॅडम आल्या. त्यांच्या माणसांनी होडीतून तळंभर पांढरट मातीची भुकटी सोडली. शेतातलं खत, शेण, कपड्यांचा साबण वाहून येऊन तळाच्या गाळात बसतं, उन्हाळ्यात वर येतं आणि सायीला पोसतं, असं त्यांनी सांगितलं.

"ही भुकटी ते खत गाळातच धरून ठेवील, दादा. पण दोन उन्हाळे कोणी आत उतरून गाळ ढवळायचा नाही."

"मी राखतो," काकड्या म्हणाला.

वैशाखात पाणी गुडघाभर उरलं, पण नितळ. बैल मान न उचलता पिऊ लागला. आणि त्या नितळ पाण्यात कित्येक वर्षांनी मासे दिसले.

मग काय! पाणी उतरलं की अख्ख्या पाड्याने एकदम तळ्यात शिरायचं, पायांनी गाळ घुसळायचा, मासे घुसमटून वर आले की टोपल्यांनी धरायचे, ही तिथली जुनी रीत.

"उतरू नका! मॅडमनी सांगितलंय!" काकड्या काठी घेऊन आडवा झाला.

त्याची वहिनी जिवली लुगडं खोचून पुढे आली. "मॅडमला काय, बाजारात मिळतात मासे. सरक भावजी, नाय तर पयला तुलाच टोपलीत धरते."

सगळे खो खो हसले. काठी उगारायची कोणावर? सगळी घरचीच माणसं. काकड्या सरकला. दुपारपर्यंत तळ्याचा नुसता चिखल झाला.

रीतीप्रमाणे न उतरलेल्यांनाही वाटा मिळाला. जिवलीने दोन मोठ्या मरळी आणून दिल्या. त्याने चिंच घालून कालवण केलं आणि खाल्लं. चवीला बरं झालं होतं.

पावसाआधीच साय परत धरली. मॅडमचा फोन आला.

"पाणी कसं आहे, दादा?"

"हिरवं."

"कोणी उतरलं होतं?"

"सगळेच."

 "आणि बैल?"

"हाय."

काकड्याने फोन खिशात टाकला, बैलाचं दावं मनगटाला गुंडाळलं. टेकडीपलीकडच्या ओहोळात एक डबकं अजून आटलं नाही, असं कोणी सांगितलं होतं. बैल सवयीने तळ्याकडेच ओढत होता. काकड्याने शेपटी पिरगाळून त्याला टेकडीकडे वळवलं.